‘समुद्रात वाया जाणारं पाणी’ आणि पाचशे मीटरचा किनारा

मागच्या महिन्यात चार दिवस घरी, कळंबला, जाऊन आले. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर सोडून नारायणगावच्या दिशेने निघालात की घोडनदीवरचा पूल लागतो, तेच आमचं गाव. चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, नेहमीचा प्रश्न विचारला, “पोरी, तुझं ते पीएचडीचं नक्की कशावर चाललंय?” म्हटलं, “तात्या, समुद्रकिनारा सांभाळायची सरकारी धोरणं.” तात्या हसले. “आगं, समुद्र कुठं न् आपण कुठं! इथं बोंबील येतो तो पण वाळवून.”

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल तर बरोबर आहे. कळंबपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री. तरी आज मी जे सांगणार आहे ते याच पुलावरून सुरू होतं. हा लेख म्हणजे एका सरकारी कागदाचं परीक्षण आहे. पुस्तकाचं करतात तसंच. कागद म्हणजे १८ जानेवारी २०१९ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना, म्हणजेच ‘सीआरझेड’. देशाच्या किनाऱ्याबद्दल सगळ्यात जास्त चालतो तो हाच कागद. कोर्टात हाच, बिल्डरच्या फायलीत हाच, आणि कोळीवाड्यातल्या बैठकीतही हाच.

आधी त्याचं श्रेय

टीका करायच्या आधी कागद कुठून आला ते बघू. १९८१ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा भाग मोकळा ठेवा. पत्राला कायद्याचं बळ नव्हतं. ते आलं १९ फेब्रुवारी १९९१ ला, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिली अधिसूचना निघाली तेव्हा. पुढच्या वीस वर्षांत तिला पंचवीसच्या आसपास दुरुस्त्या झाल्या. थिगळं इतकी झाली की मूळ कापड दिसेना, म्हणून ६ जानेवारी २०११ ला नवी अधिसूचना आली, आणि २०१९ ला तिसरी.

“काय उपयोग त्याचा?” असं म्हणणाऱ्यांना मी कोचीजवळच्या मरडूची आठवण करून देते. सीआरझेड मोडून बांधलेले उंच टॉवर पाडायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये दिला आणि जानेवारी २०२० मध्ये ते स्फोटाने पाडले गेले. टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. जमिनीवर आखलेली एक रेष, पण अंमल झाला तर काँक्रीटला भारी पडते. त्यामुळे माझी तक्रार रेष आहे म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कागद वाचताना काय दिसतं

आता तीन गोष्टी बघा.

पहिली, सुरुवातीचं वाक्य. अशा अधिसूचनांमध्ये आपण ‘उद्देश’ वाचायचा सोडून थेट नियमांकडे जातो. मीही जायचे. २०११ च्या उद्देशात पहिलं काय येतं? मच्छीमार आणि किनाऱ्यावरच्या इतर स्थानिकांच्या उपजीविकेची सुरक्षितता. त्यानंतर संवर्धन, त्यानंतर विकास. २०१९ मध्ये आधी किनाऱ्याच्या पर्यावरणाचं संवर्धन येतं, आणि उपजीविका ‘त्याशिवाय’ अशा जोडीने मागे येते. शब्द जवळजवळ तेच, फक्त रांगेतली जागा बदलली. तुम्ही म्हणाल, हा कीस काढणं झालं. असेल. पण माणूस पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला की पुढच्या पानांवर त्याचं काय होतं, हे बघायची सवय मला या अभ्यासाने लावली.

दुसरी, २१६१ हा आकडा. ग्रामीण किनाऱ्याला २०११ मध्ये एकच नियम होता: भरतीरेषेपासून २०० मीटर ‘ना विकास क्षेत्र’. २०१९ ने त्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर ना विकास क्षेत्र फक्त ५० मीटर. कमी असेल तर पूर्वीसारखं २०० मीटर. २१६१ च का? २००० का नाही, २५०० का नाही? अधिसूचनेच्या मजकुरात या आकड्यामागचं गणित कुठे मांडलेलं नाही. मला तर ही उलटी गंगा वाटते. जिथे माणसं जास्त, तिथे लाटेपासूनचं अंतर कमी! दाट वस्तीच्या गावात घर वाढवायला जागा हवी असते, ही अडचण खरी आहे आणि मच्छीमारांनीही ती अनेकदा मांडली आहे. पण गावकऱ्याच्या घराला दिलेली सूट आणि बाहेरून येणाऱ्या रिसॉर्टला मोकळी झालेली जमीन, या दोन गोष्टी एकाच आकड्यात बसवल्या की पुढे कोण जिंकणार हे सांगायला पीएचडी लागत नाही.

तिसरी, धोक्याची रेषा. पूर, धूप, समुद्राची वाढती पातळी हे सगळं धरून ‘हॅझार्ड लाइन’ आखण्याचं काम झालं. छान. पण २०१९ ची अधिसूचना सांगते की ही रेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी एक साधन म्हणून वापरा. म्हणजे बांधकामाला परवानगी आहे की नाही हे ती रेषा ठरवत नाही. समुद्र पुढे येणार हे माहीत आहे, नकाशावर दाखवलंही आहे, पण नियम जुन्याच रेषेवरून मोजायचे.

इथपर्यंतची टीका नवी नाही. बरेच अभ्यासक आणि मच्छीमार संघटना ही करत आल्या आहेत. मला खरं बोलायचंय ते यापुढे.

कायद्याला नदी किती दिसते?

सीआरझेडमध्ये नदी आहे, खाडी आहे. पण कुठपर्यंत? जिथपर्यंत भरतीचा परिणाम पोचतो तिथपर्यंत. तो कसा ठरवायचा? वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्यातला खारटपणा मोजायचा. हजार भागांत पाच भाग क्षार जिथे भरतात तिथे कायद्याची नदी संपली. मोजायला सोपी, वादाला जागा कमी, म्हणून व्यवहारात चांगली व्याख्या.

पण आता आमच्या घोडनदीबरोबर चला. ती आहुप्याकडच्या डोंगरात उगम पावते. डिंभ्याच्या धरणात, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू जलाशयात, अडते. पुढे कळंबच्या पुलाखालून पूर्वेला जाते आणि भीमेला मिळते. भीमा उजनीत थांबते, ११७ टीएमसीचं धरण ते. पुढे कर्नाटकात जाऊन रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. मग श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचं प्रकाशम बंधारा, आणि शेवटी हमसलदीवीजवळ बंगालचा उपसागर. हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. म्हणजे तात्या, आपलाही समुद्र आहे. फक्त तो मुंबईचा नाही, आंध्रचा आहे.

त्या समुद्राच्या काठावर कृष्णेचा त्रिभुज प्रदेश आहे. त्रिभुज प्रदेश ही समजा नदीने भरलेली पिगी बँक. दरवर्षी पावसाळ्यात नदी गाळ आणि वाळू आणून टाकते. दुसरीकडे लाटा थोडं थोडं काढून नेतात, आणि खालचा जुना गाळ स्वतःच्या वजनाने दबून जमीन खचत असते. ठेव आणि खर्च बरोबर असला की किनारा जागेवर राहतो. ठेव थांबली की किनारा मागे सरकायला लागतो. समुद्राची पातळी अजिबात वाढली नाही तरी सरकतो.

ठेव का थांबली? धरणात पाणी शिरलं की त्याचा वेग मरतो. आधी वाळू खाली बसते, मग बारीक गाळ. सांडव्यावरून पुढे जातं ते तुलनेने नितळ पाणी. २००९ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये जेम्स सिवित्स्की आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ३३ त्रिभुज प्रदेशांचा अभ्यास छापला. त्यात कृष्णेच्या गाळात झालेली घट ९४ टक्के दिली आहे. शेजारच्या गोदावरीची ४० टक्के. त्याच वर्षी ‘जिओमॉर्फॉलॉजी’ या नियतकालिकात गमागे आणि स्माख्तिन यांनी उपग्रहचित्रांवरून दाखवलं की आधीच्या सुमारे पंचवीस वर्षांत कृष्णेच्या मुखाशी दरवर्षी सरासरी ७७.६ हेक्टर जमीन धुपत होती, आणि नवी जमीन तयार होण्याचा वेग त्याच्या फक्त एक तृतीयांश होता. ७७.६ हेक्टर म्हणजे १९० एकरांच्या वर. दरवर्षी. कारणही त्यांनी सांगितलं: त्रिभुज प्रदेशात येणारं पाणी पन्नास वर्षांपूर्वीच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्यावर आलं होतं, आणि त्याबरोबर गाळही घटला होता, दोन्हींचं मूळ वरच्या धरणांत.

हे नुसतं जमिनीचं गणित नाही. याच त्रिभुज प्रदेशात दिवीसीमा आहे. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात समुद्राचं पाणी तिथे आत शिरलं आणि अधिकृत हिशेबानेच दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. अशा ठिकाणी किनारा मागे येणं आणि खारफुटी विरळ होणं म्हणजे घराची पुढची भिंत पातळ होत जाणं.

आता सीआरझेडचा कागद पुन्हा हातात घ्या. त्या किनाऱ्यावर कुणी भरतीरेषेपासून शंभर मीटरवर पक्कं घर बांधलं तर कायदा त्याला विचारेल. पण त्याच किनाऱ्याची वाळू शेकडो किलोमीटर वर अडवणाऱ्या धरणांबद्दल, नदीतून उपसल्या जाणाऱ्या वाळूबद्दल, त्या कागदाला बोलायची सोयच नाही. पाचशे मीटरच्या आतल्या माणसाला नियम लागतात, आणि पाचशे किलोमीटरवरच्या कारणाला काहीच नाही.

पाणी मोजलं, गाळ कुणी मोजला?

मग दुसऱ्या कुठल्या कागदात हे असेल का? शोधलं. कृष्णेचं पाणी वाटणारा बच्छावत लवाद: २०६० टीएमसी भरवशाचं पाणी धरलं, महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. बेरीज करून बघा. ५६० अधिक ७०० अधिक ८०० बरोबर २०६०. समुद्राच्या नावावर शून्य! नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने किमान प्रवाहासाठी थोडा वाटा काढला खरा, पण तोही पाण्याचा. गाळ त्यात पक्षकार नाही.

याच वाटपात आणखी एक गंमत आहे. कोयनेचं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करून पश्चिमेला सोडायची मुभा आहे. ते वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत जातं, लोणावळ्याकडचं खोपोलीतून पाताळगंगेत. म्हणजे पूर्वेच्या समुद्राकडे जाणारं पाणी आपण पश्चिमेच्या खाड्यांत ओततो. एका त्रिभुज प्रदेशाला गोडं पाणी कमी, दुसरीकडे खाड्यांमध्ये वर्षभर जास्तीचं गोडं पाणी. खाडीत कुठला मासा येणार, कुठली खारफुटी वाढणार, हे खारं-गोडं किती मिसळतं यावर ठरतं. दोन्ही किनाऱ्यांवर परिणाम होणार हे उघड आहे, आणि दोन्हीकडची किनारा प्राधिकरणं पाचशे मीटरच्या आतली बांधकामं तपासण्यात गुंतलेली.

नदी सगळ्या राज्यांनी मिळून बघावी म्हणून १९५६ मध्येच नदी मंडळ कायदा झाला होता. त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. तुलनेसाठी युरोपचं उदाहरण देते, तिथे सगळं आलबेल आहे म्हणून नाही, तर रेष कुठे मारली ते बघण्यासाठी. युरोपीय संघाच्या २००० सालच्या पाणी निर्देशात नदीखोरं हे एकक धरलंय आणि त्या खोऱ्यातच किनाऱ्यापासून एक सागरी मैलापर्यंतचं समुद्राचं पाणी मोजलंय. नदी आणि तिचा समुद्र एकाच वहीत. आपल्याकडे दोन वह्या, दोन खाती, आणि दोघांनी एकमेकांची वही बघायची नाही.

आता आपल्याकडे वळते

इथपर्यंत सरकारवर टीका करणं सोपं होतं. पुढचं थोडं अवघड आहे, कारण ते माझ्या घरचं आहे.

आमचा ऊस, कांदा, नारायणगावच्या बाजारात जाणारा टोमॅटो, हे सगळं डिंभ्याच्या आणि कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर. माझी कॉलेजची फी त्याच पाण्यातून आली. आणि त्या धरणाची किंमत पहिल्यांदा मोजली ती वरच्या खोऱ्यातल्या महादेव कोळी कुटुंबांनी. जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली आहे. मग मी कुठल्या तोंडाने म्हणू की धरणं नकोत? म्हणतच नाहीये. मी म्हणतेय की धरणाच्या किमतीच्या यादीत बुडीत गावं आली, निदान कागदावर तरी, जंगल आलं, पण नदीच्या दुसऱ्या टोकाचं गाव कधी आलंच नाही.

ते का आलं नाही, याचं उत्तर मला आपल्या बोलण्यात सापडलं. लहानपणापासून प्रत्येक सभेत ऐकलेलं वाक्य: “समुद्रात वाया जाणारं पाणी अडवलं पाहिजे.” पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी गोदावरी खोऱ्यात वळवायच्या योजना मांडतानाही हेच वाक्य येतं. मराठवाड्याची तहान खरी आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण ‘वाया’ हा शब्द हिशेब होण्याआधीच निकाल देतो. समुद्राला मिळणारं पाणी वाया, मग त्यातला गाळ तर विचारायलाच नको. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत कृष्णेतून समुद्रापर्यंत पोचणारं पाणी जवळजवळ नगण्य झालं होतं. त्या वर्षी ‘काहीच वाया गेलं नाही’ म्हणून कुणी पेढे वाटले नाहीत, कारण टंचाई आपल्याकडेही होतीच. पण तिकडे मुखाशी काय झालं, ही बातमी आपल्यापर्यंत आली नाही.

गाळाचंही तसंच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना तुम्हाला माहीत असेल, २०१७ पासूनची. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा. चांगली योजना आहे, आमच्याकडेही लोकांनी ट्रॉल्या भरून नेला. पण तिच्या नावातच बघा, गाळाचे दोनच पत्ते आहेत: धरण आणि शिवार. तिसरा पत्ता, म्हणजे गाळ मुळात जिथे चालला होता तो किनारा, आपल्या डोक्यातच नाही.

मग करायचं काय?

एक आक्षेप मला माझ्या मार्गदर्शकांनीच घेतला. त्या म्हणाल्या, “अख्खं खोरं किनारा कायद्यात घातलंस तर कायद्याचा अंमल करणार कोण? पाचशे मीटर सांभाळताना नाकी नऊ येतात.” बरोबर आहे. सगळीकडे लागू होणारा नियम शेवटी कुठेच लागू होत नाही. म्हणून रेष राहू दे. पण रेष म्हणजेच धोरण, हा समज सोडायला हवा. माझ्या प्रबंधाचा युक्तिवाद थोडक्यात असा:

एक, पाण्यासारखा गाळाचाही ताळेबंद दरवर्षी जाहीर व्हावा. मोठ्या धरणांत किती बसला, पुढे किती गेला, मुखाशी किती पोचला. मोजलंच नाही तर वाटपात येणार कसं?

दोन, लवाद असो की आंतरराज्य चर्चा, नदीच्या मुखाशी राहणाऱ्यांना तिथे खुर्ची हवी. आज राज्यं बसतात. आंध्रच्या वाट्यातही त्रिभुज प्रदेशातला कालव्याचा शेतकरी असतो, मच्छीमार नसतो.

तीन, धोक्याची रेषा नियमात आणा. आणि ती आखताना फक्त समुद्र किती वर येतो हे न बघता, नदीने गाळ देणं किती थांबवलं हेही धरा.

यातली एकही गोष्ट धरण फोडायला सांगत नाही. पूर सोडायची वेळ, दरवाज्यांची रचना, वाळूच्या लिलावाची जागा, अशा छोट्या निर्णयांत बरंच करता येतं. त्यावर वेगळा लेख लिहीन, कारण खालच्या दरवाज्यांतून गाळ सोडायचा प्रकार आपल्या धरणांत कितपत जमेल हा स्वतंत्र विषय आहे.

निघायच्या दिवशी तात्या मला पुलापर्यंत सोडायला आले. वर पाऊस झाला होता, नदीला गढूळ पाणी होतं. मी त्यांना नकाशा दाखवला, फोनवर, बोटाने सरकवत सरकवत थेट हमसलदीवीपर्यंत. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे तिकडची लोकं आपल्याला शिव्या देत असतील.” मी म्हटलं, “तात्या, त्यांनाही आपण माहीत नाही.”

तुमच्या गावची नदी कुठल्या समुद्राला मिळते, एकदा नकाशावर बोट ठेवून बघा. वाटेतली धरणं मोजा. आणि आकडा मला कळवा.